सेशेल्सचा दयाळ

पहाटे झाडाच्या शेंड्यावर बसून गोड शीळ घालणारा दयाळ पक्षी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. त्याचाच एक भाऊबंद हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांवर राहतो. वर्ण काळा, त्यावर निळसर झांक, आणि पंखांवर एकेक ठळक पांढरा पट्टा. एवढाच काय तो त्याचा साज! गळा मात्र कुळाला शोभेल असाच आहे.

त्याचें पोट सर्वस्वीं जमिनीवर अवलंबून. दाट छायेच्या जुन्या झाडांखालीं पानांचा थर सांचतो, आणि त्यांत झुरळें, गोमी, कोळी आपापले संसार थाटून असतात. आमचे हे दयाळराव टुणटुण उड्या मारीत पानें उलथीत जातात व सांपडेल तें गट्ट करतात. लहानशी सापसुरळीहि त्यांस वर्ज्य नाहीं. कवींनीं पक्ष्यांना आकाश बहाल केलें खरें, परंतु याला हवी चार हात सावली आणि पायांखालीं पाचोळा. प्रचंड कांसव रानांतून चालूं लागलें म्हणजे पाचोळा विस्कटून किडे बाहेर पडतात, म्हणून हा त्याच्या मागोमाग फिरतो. मनुष्यानें बागेंत कुदळ उचलली कीं त्याच्याहि मागें, तितक्याच निःशंकपणें!

याला कोणी मूर्खपणा म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. वटवाघळें सोडलीं तर ज्या बेटांवर मूळचा एकहि सस्तन प्राणी नव्हता, तेथें जमिनीवर भीत भीत वावरण्याचें कारणच काय? १७७० सालीं तेथें वसाहत झाली. मनुष्याबरोबर मांजरें व उंदीर आले, नारळाच्या लागवडीसाठीं रानें तुटलीं, आणि १९६५ च्या सुमारास फ्रिगेट नांवाच्या एका लहानशा बेटावर बारा-पंधरा पक्षी तेवढे उरले.

पुढें तेथील मांजरें हटविण्यांत आलीं. १९९५ मध्यें शिरलेल्या उंदरांचा २००० सालीं निःपात झाला. कांहीं पक्षी कूझँ, कूझीन, आरीद व डेनिस या बेटांवर नेऊन सोडले, आणि आज त्यांची मोजदाद शेंकड्यांनीं होते. ही वाढ मंद आहे खरी; पण आमच्या दयाळाच्या घरट्यांत चार-पांच अंडीं असतात, आणि याची मादी एका वेळीं बहुधा एकच घालते.