वरंध्याचा घाट आणि काळी वायर

पुण्याहून कोकणात उतरायला वाटा पुष्कळ. कुणी ताम्हिणीने माणगाव गाठतात, कुणी महाबळेश्वरावरून आंबेनळीने पोलादपूरला उतरतात. पण आमच्या घराण्याचा घाट एकच, तो म्हणजे वरंध्याचा. कात्रज ओलांडावा, कापूरहोळला साताऱ्याचा रस्ता सोडून उजवीकडे वळावे आणि भोरला चहा घ्यावा. १९४८ साली विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. त्यांचा राजवाडा अजून उभा आहे आणि हल्ली तिथे सिनेमावाल्यांचा दरबार भरतो. भोर मागे पडले की नीरा-देवघर धरणाचे पाणी सोबतीला येते. दिवाळीच्या सुमारास ते काठोकाठ भरलेले असते आणि रस्त्याच्या कडेचे भात सोन्यासारखे पिवळे झालेले असते.

घाटाच्या तोंडाशी रस्ता चक्क कावळ्या किल्ल्याच्या अंगातून कापून नेला आहे. तिथे वाघजाईचे देऊळ आहे, भजी-चहाच्या टपऱ्या आहेत आणि पायाखाली शिवथरचे खोरे. त्याच खोऱ्यातल्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला, अशी श्रद्धा आहे. पण हा घाट दिसतो तितका सात्त्विक नाही. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वाहतूक बंद पडते. २२ जुलै २०२१ रोजी तर याच डोंगराच्या कुशीतले तळिये गाव दरडीखाली गेले आणि खाली महाड शहर पुरात बुडाले. त्या आठवड्यात आम्ही पुण्यात रोज फोन लावत होतो आणि पलीकडे फोन लागत नव्हता. महाडपलीकडे, सावित्रीच्या खोऱ्यात, माझी आत्या राहते. एकटीच.

वडील हयात असेपर्यंत त्यांनी एकही भाऊबीज चुकवली नाही. एस.टी. मिळेल तशी पकडून, उभ्याने का होईना, ते जायचे. ते गेल्यापासून पाटावर मी बसतो. आत्याचे वय आता ऐंशीच्या पुढे, पण तिचा एक नेम मोडत नाही: ओवाळल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. ‘आत्या, तू जेवून घे, मला उशीर होईल,’ असे फोनवर सांगून काही उपयोग नसतो.

गेल्या भाऊबीजेला मी मोटारसायकलवर निघालो. गाडी बारा वर्षांची, पण तब्येतीने ठणठणीत. महिन्याभरापूर्वी ती सुरू व्हायला कुरकुरू लागली, तेव्हा पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने ‘बॅटरी गेली’ असे निदान केले होते. नवी बॅटरी आली, कुरकुर काही दिवस थांबली. वाघजाईपाशी चहा घेऊन मी पुन्हा बटण दाबले, तर आतून नुसते ‘टक्’! पुन्हा दाबले, पुन्हा ‘टक्’. दिवा मात्र लख्ख लागत होता. आमच्या गाडीला किक नाही. दुपारचे चार वाजून गेले होते.

घाटात एक सोय असते, उतार फुकट असतो. दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून गाडी सोडली, वेग आल्यावर क्लच सोडला आणि इंजिन धडधडू लागले. पण प्रत्येक खड्ड्याला ते आचका देई. माझेरीपर्यंतची वळणे मी जीव मुठीत धरून उतरलो. दरीच्या बाजूला इंजिन बंद पडणे ही काही गमतीची गोष्ट नव्हे. बिरवाडीला रस्त्याकडेला एका गॅरेजची पाटी दिसली आणि तिथे पोचता पोचताच गाडीने मान टाकली.

मिस्त्री पन्नाशीचे. शटर ओढून घरी निघाले होते. सणाचा दिवस, त्यांचीही बहीण आलेली. मी आत्याची गोष्ट सांगितली. त्यांनी किल्ली परत खिशात टाकली.

“नवी बॅटरी आहे,” मी म्हणालो.

“ती बिचारी ठीकच असेल, दादा.”

त्यांनी जाड वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या बोल्टला धरले. “दाबा बटण.” इंजिन पहिल्या फटक्यात सुरू!

“वीज लाल वायरीनं जाते. पण तिला घरी परत यायला काळी लागते. लोक सगळे लालकडंच बघतात.”

मग दहाचा पाना घेऊन त्यांनी बॅटरीची काळी वायर आधी सोडवली. निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, हा नियम. नाहीतर पॉझिटिव्हवर लावलेला पाना चुकून चासीला टेकला की ठिणग्यांची दिवाळी! वायर वरून धडधाकट होती. पण त्यांनी टोकाचे रबर सोलले, तेव्हा आतले तांब्याचे केस कल्हई गेलेल्या भांड्यासारखे हिरवे पडलेले आणि निम्म्याहून अधिक तुटलेले. इंजिनाची थरथर आणि बारा पावसाळे यांचे ते काम होते.

दिवा लागतो आणि स्टार्टर का फिरत नाही, याचा हिशेब शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाचाच. समजा, वायर खराब होऊन तिथे एक दशांश ओहमचा अडथळा झाला. दिव्याला पाचेक अँपिअर पुरतात, म्हणजे बारा व्होल्टांतला अर्धाच वाया जातो. स्टार्टरने पन्नास अँपिअर मागितले की पाच व्होल्ट वाटेतच संपतात. उरलेल्या सातांवर इंजिन कसे फिरणार? बॅटरी भरलेली असूनही दारिद्र्य!

त्या गाडीची तयार वायर दुकानात नव्हती. मिस्त्रींनी वेल्डिंगची जाड, लवचीक केबल घेतली आणि जुन्या वायरीहून दोन बोटे जास्त लांब कापली, थरथरीने ओढ बसू नये म्हणून. दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवले. इंजिनावर जिथे बोल्ट बसतो, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला. बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला, पाणी शिरू नये म्हणून. सगळे काम अर्ध्या तासाचे. गॅरेजच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मातकट रेघ होती. “एकवीसच्या पुराची,” ते म्हणाले. “मुद्दाम पुसली नाही.” पैसे घेतले दीडशे.

आत्याकडे पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. अंगणात पणत्या होत्या, पाट मांडलेला होता, आणि ती उंबऱ्यात बसून होती. तिने आधी ओवाळले, मग उशिराचे कारण विचारले. ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्या माणसाची भाऊबीज तू खोळंबवलीस की रे.”

दुसऱ्या दिवशी निघताना तिने दोन पुडे हातात दिले. एक माझा, एक मिस्त्रींचा. वडील यायचे तेव्हा एस.टी.च्या ड्रायव्हरसाठीही असाच पुडा निघायचा, हे मला तेव्हा कळले.

बिरवाडीला गाडी उभी केली. मिस्त्रींनी हात पुसून पुडा घेतला, करंजी मोडून अर्धी पोऱ्याला दिली.

“बंद करा,” ते म्हणाले, “आणि पुन्हा चालू करून दाखवा.”

मी बटण दाबले. त्यांनी मान हलवली, आणि मी घाट चढू लागलो.