गाळाचे वाटेकरी

निफाड तालुक्यातल्या त्या मुलाच्या लेखी गाळ म्हणजे म्हशी. उन्हाळ्यात नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामागचं पाणी ओसरलं की त्या गळ्यापर्यंत चिखलात बसायच्या, आणि त्यांना हाकलून बाहेर काढायचं काम घरातल्या धाकट्याचं.

गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथं विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी हा बंधारा घातला. हेतू रोकडा होता: कालवे काढून कोपरगावकडची शेतं भिजवायची. नद्यांनी मात्र पाण्याबरोबर मातीही आणली. ती साचत गेली, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही तूट. पण बुडी न मारता, नुसती मान पाण्यात घालून चरणाऱ्या थापट्या आणि तलवार बदकांना एवढीच खोली हवी असते. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. मुलाच्या घरी त्यावर चर्चा झाली ती एकच: आता म्हशी कुठं न्यायच्या?

कॉलेजसाठी तो नाशिकला आला आणि तिथलाच झाला. पंचवटीच्या पुलावरून गोदेत मिसळणारं सांडपाणी पाहताना ते पुढं कुठं जातं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बंधाऱ्यावर पाणवेली उगीच माजत नाहीत. गावच्या गाळात शहराचाही वाटा आहे, फक्त शहराला तो दिसत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. ऑफिसातल्या मंडळींना घेऊन तो चापडगावच्या मनोऱ्यावर गेला. गावातल्या पोरानं हळदी-कुंकू बदक दाखवलं तेव्हा हा असा फुशारला, जणू ते घरीच पाळलं होतं!

सायखेड्याच्या चुलतभावाला हे कौतुक पटत नाही. आदल्याच पावसाळ्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये, गावात गोदावरी शिरली होती. त्याचं म्हणणं सरळ आहे: बंधारा गाळानं भरलाय म्हणून फुगवटा मागं येतो, तेव्हा गाळ उपसा. धरणांतला गाळ शेतात न्यायची सरकारी योजना २०१७ पासून आहेच. सगळाच उपसला तर थापट्या खोल पाण्यात करणार काय, असं याला वाटतं. पण पुराची ओल धरलेल्या भिंतीशी उभं राहून ते बोलवत नाही.

पावसाळ्यात फोन मात्र सायखेड्याहूनच येतो. गंगापूर धरणातून किती सोडलं? हा रामकुंडाकडे जाऊन, ज्याच्या अंगावर नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुती बघतो आणि कळवतो, "छातीपर्यंत आलंय. गुरं वर काढ."