खारीच्या बांधावरून

अलिबागच्या वाटेवर पोयनाडला एस.टी.तून उतरा आणि शहापूर-धेरंडच्या बाजूला निघा. भाताची खाचरे संपली की मातीचा लांबच लांब बांध लागतो. भरतीच्या वेळी त्यावर उभे राहा. एका हाताला धरमतरच्या खाडीचे पाणी, दुसऱ्या हाताला शेत, आणि शेत पाण्यापेक्षा खाली! घाटावरच्या पाहुण्याला हे सांगून पटत नाही.

बांधात जागोजागी उघाडी असते. ओहोटीला ती उघडते, भरतीला मिटते. पावसाचे गोडे पाणी शेतातला खार धुऊन याच वाटेने खाडीत जाते. म्हणून इथे भात पिकते. पूर्वी राता भात असे, पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या जाती आल्या. तळ्यातला जिताडा वेगळाच. पूर्वी बांधाची डागडुजी सारा गाव मिळून करी, तिला जोळ म्हणत. १९७९ च्या खारभूमी कायद्याच्या काळापर्यंत ही कामे सरकारी खात्याकडे गेली आणि जोळ हळूहळू मोडली. जवळच चरी आहे. तिथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ संप करून खोतांना नमवले, ते याच मातीसाठी.

आता इथे गिऱ्हाईक येते ते घरांच्या प्लॉटसाठी. २०२० साली मांडव्याला मोटारी आणणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून तर जास्तच. पण प्रादेशिक योजनेच्या नकाशात जमीन शेती विभागात असेल, तर तिथे वसाहत उठवण्याआधी विभाग बदलावा लागतो. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २० प्रमाणे शासन राजपत्रात सूचना काढते. हरकतीला मुदत एक महिना. हरकत कोणीही घेऊ शकतो, सातबाऱ्यावर नाव हवेच असे नाही. हरकत घेणाऱ्यांना सुनावणी मिळते, मग शासन निर्णय देते. राजपत्र चावडीवर कोण वाचतो? म्हणून ग्रामपंचायतीत महिन्याकाठी विचारपूस ठेवा.

"आमची शेती वाचवा" एवढेच लिहून भागत नाही. गट नंबर द्या, बांध कुठे, उघाडी कुठे, पाणी कोणत्या शेतातून वाहते ते रेखाटून दाखवा. एका गटात भराव पडला की वरच्या दहा जणांचे पाणी तुंबते, हे अधिकाऱ्याला नकाशाच्या रंगावरून कळत नाही. अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. विकायचे असेल त्यानेही आपले म्हणणे लेखी मांडावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

समुद्रकाठचा सी.आर.झेड. कायदा आपल्याला राखील, असे पुष्कळांना वाटते. २०१९ च्या अधिसूचनेत १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध असेल, तर भरतीची रेषा त्या बांधापाशीच थांबते. आतली शेती त्या बंधनांतून बहुधा सुटते, म्हणजे घरांना वाट मोकळी. उलट बांधाला खांड पडून आत तिवरे माजली, तर तेवढी जागा सर्वांत कडक वर्गात जाते. मग नांगरही नाही आणि प्लॉटही नाही. खांड छोटी असतानाच खारभूमी कार्यालयात लेखी कळवा, आणि त्या अर्जाची प्रत हरकतीच्या कागदांत जपून ठेवा.