धरायला काहीतरी

गाडी एकच असली तरी ती दोघांना दोन वेगवेगळ्या रूपांत दिसते. मेकॅनिकला दिसतं ते इंजिन, क्लच, गिअरबॉक्स. आत बसणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या हाताला लागते ती सीट, काच फिरवायची दांडी आणि दार ओढून घ्यायचं हँडल. सुट्या भागांच्या धंद्यात या सगळ्याला 'ट्रिम' म्हणतात, म्हणजे थोडक्यात सजावट. आणि सजावट मोडली तर तिच्यासाठी कोण हळहळणार?

आमची मारुती ८०० आहे १९९९ सालची, सातारा पासिंगची, एमएच ११. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढं दर ५ वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्याप्रमाणे २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा ती पास झाली. हे मॉडेल बनायचं बंद झालं जानेवारी २०१४ मध्ये, पण इंजिनाचं म्हणाल तर अजून काही अडलेलं नाही. अडलं ते पुढच्या डाव्या दाराच्या हँडलापाशी. ते मधोमध तडकलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात! पण त्या बाजूला आई बसते. ती राहते सांगलीत, विश्रामबागला. महिन्यातून एकदा मी साताऱ्याहून जातो आणि तिला मिरजेला डॉक्टरांकडं नेतो. गुडघे दुखतात, त्यामुळं उतरताना ती सगळा भार त्या हँडलावर टाकते. हँडल तडकलं तसं तिनं शांतपणे सांगून टाकलं, "तू नको येऊस, मी रिक्षानं जाईन. रिक्षाला धरायला दांडा असतो."

यावर काय बोलणार? गाडीला ब्रेक होते, लाइट होते, कागदपत्रं होती. तिला धरायला काही नव्हतं.

दुकानं पालथी घातली. "इंजिनाचं काय पायजे ते सांगा, हे नाय मिळायचं," हे एकच उत्तर. खरं तर आपला भाग लोखंडाचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी तर भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि २०२२ साली तिच्या बदल्यात त्यांना आनंद महिंद्रांकडून नवी बोलेरो मिळाली. लोखंडाचा एकच नग हवा असला तरी लेथवाला करून देतो. प्लास्टिकचं तसं नाही. आधी पोलादी साचा लागतो आणि हजारो नग निघाल्याशिवाय साच्याचा खर्च भरून येत नाही. एका आईसाठी कोण साचा करील?

मग घरीच बसलो. हँडल सोडवून मागं पाहिलं तर बारीक उठावाची अक्षरं होती, 'पीपी'. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे प्लास्टिक मोठं तुसडं! फेविक्विक, अ‍ॅराल्डाइट, काहीच त्याला नीट धरत नाही. वरून उन्हानं त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि ते ठिसूळ होतं. ते जोडायचं तर वितळवूनच, आणि तेही त्याच जातीचं प्लास्टिक घालून. स्वयंपाकघरात एक जुना डबा सापडला, तळाशी त्रिकोणात ५ आकडा. हीच पीपीची खूण. त्याच्या पट्ट्या कापल्या. अंगणात, वाऱ्याच्या बाजूला बसून (धूर फार वाईट!) सोल्डरिंगच्या इस्त्रीनं तडा वितळवला, आत बारीक तारेची जाळी दाबली, वरून पट्ट्या वितळवून भरल्या.

पण दिसायला जोडलं गेलं म्हणजे भार पेलेल असं नाही. म्हणून मागच्या पोकळीत एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूपर्यंत लोखंडी पट्टी बसवली. म्हणजे ओढ प्लास्टिकवर न येता पट्टीवरून थेट दाराच्या पत्र्यावर जाते. मग हँडल शिकंजात आवळून त्याला तांदळाची २० किलोची पिशवी रात्रभर टांगली. सकाळी पिशवी जागच्या जागी होती.

पुढच्या खेपेला आईनं त्या जाड, ओबडधोबड सांध्यावरून बोट फिरवलं. "शिवण दिसतीय," म्हणाली. मिरजेला पोहोचल्यावर मी पलीकडून वळसा घालून तिच्या दारापाशी जाईपर्यंत ती उतरून उभीही होती.

असो. घरात जुनी गाडी असेल तर एक करा. इंजिनाचा आवाज नेहमीच ऐकता, एकदा घरातली वयस्कर माणसं बसता-उठताना गाडीला कुठं धरतात तेही बघा. जिथं हात जातो तिथं सजावट नसते, आधार असतो. तेवढं एक मजबूत असू द्या.