बर्फावरची घुंगुरमाळ

आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी 'जिंगल बेल्स'वर नाचलो होतो. कापसाची दाढी, लाल फडक्याची टोपी, आणि गाण्यातल्या एका शब्दाचाही अर्थ ठाऊक नाही! आबा बैलगाडी जुंपून कार्यक्रमाला आले होते. परतताना त्यांनी विचारले, "काय रं, कसलं गाणं हुतं ते?" मी ऐटीत म्हणालो, "नाताळचं. येशूच्या जन्माचं."

आबा शाळेची पायरी चढलेले नाहीत. पोरगा सांगतो ते खरे, असे त्यांनी मानले.

यंदा ते गाणे नीट वाचले आणि वरमलो. त्यात येशू नाही, नाताळही नाही. एक घोडा, बर्फावरून घसरत जाणारी उघडी गाडी, शेजारी बसलेली मुलगी, आणि गाडी बर्फाच्या ढिगात उलटते... एवढेच! बिनचाकांच्या त्या गाडीचा बर्फावर आवाज होत नाही, म्हणून समोरच्याला चाहूल लागावी यासाठी घोड्याला घुंगरे. हे मात्र मला चटकन उमगले. आमच्या बैलांच्या घुंगुरमाळेनेच तर रात्री आई ओळखायची, की आबा वेशीत आले.

गाण्याचा कर्ता जेम्स लॉर्ड पिअरपाँट. जन्म बोस्टनचा, १८२२ चा. १८४९ साली सोन्याच्या नादाने कॅलिफोर्निया गाठली, पण नशीब काही उघडले नाही. १८५७ साली 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने हे गाणे छापले. 'जिंगल बेल्स' हे नाव १८५९ चे. धृपदाची चालही आजची नव्हे, मूळची वेगळीच होती. मेडफर्ड आणि सव्हाना ही दोन्ही गावे 'गाणे आमचेच' म्हणून पाट्या लावून बसली आहेत. (असे वाद आपल्याकडेही कमी नाहीत!)

इथवर मौज वाटत होती. पुढचे वाचून मन खट्टू झाले. किना हॅमिल या संशोधिकेने २०१७ साली दाखवून दिले, की हे गाणे १८५७ च्या सप्टेंबरात बोस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये गायले गेले, तेही तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची टवाळी करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळात. जेम्सचे वडील पाद्री, गुलामगिरीचे कट्टर विरोधक. यादवी युद्ध पेटले तेव्हा पंच्याहत्तरी उलटलेला बाप उत्तरेच्या फौजेत धर्मोपदेशक म्हणून गेला, आणि मुलगा दक्षिणेच्या घोडदळात! वर त्या बाजूसाठी त्याने युद्धगीतेही रचली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर धाकटी त्याच गाण्यावर नाच बसवत होती. तिला थांबवावे, असे एकदा वाटले. पण नाही थांबवले. गाडी उलटण्याची गंमत तेवढी तिला सांगितली. ती खिदळली. रात्री अंगणात आबांना मात्र सगळे सांगितले, माझी जुनी थापही कबूल केली. थापेबद्दल ते काही बोलले नाहीत. बराच वेळ विडी ओढत बसले. मग विचारले, "मग त्या बापलेकाचं पुढं?"

"बाप १८६६ ला गेला, आबा. पोरगा दक्षिणेतच राहिला, १८९३ पर्यंत."

"हं," म्हणाले, आणि बैलांना वैरण टाकायला उठले.