टॉमकाका आणि उचल

दुपारची झाकपाक झाल्यावर यंदा मी हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' वाचली. सात मुलांच्या या आईनं ती १८५१ साली एका साप्ताहिकातच क्रमशः लिहायला घेतली, बरं का! मालकाच्या कर्जापायी टॉम विकला जातो, तिथं मी थबकले. आमच्या मुळशीतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात, ती उचल फेडायलाच ना? वर्गातली मुलंही त्यांच्यामागून जातात.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाजही काढला. मग मी नुसते डोळे पुसून कसं भागावं?

आम्ही चौघीजणी वाडीवर जाऊन उचलीचा हिशेब वहीत उतरवू लागलो. किती घेतली, किती फिटली, बहुतेकींना ठाऊकच नव्हतं. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद केली, त्यापायीचं कर्जही रद्द ठरवलं, असं मी सांगितलं, तर एक आजी हसली. "कायदा जेवाया घालतो का, बाई?"

यावर काय बोलणार? पण तिची दोन नातवंडं यंदा भट्टीवर गेली नाहीत, शाळेत येतात. त्यांच्या रात्रीच्या जेवणाच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्यात. सोमवार-गुरुवार माझे.