पुढे आलेले दात

माझ्या लेकीचे पुढचे दात थोडे बाहेर आहेत. आठवीत गेल्यापासून ती ओढणी तोंडाला लावून हसते. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात घेत एक खाला म्हणाल्या, "आताच तार बसवून घ्या, पुढं रिश्त्याला अडचण नको." बोलल्या असतील भल्यासाठीच. पण लेक उठून आत गेली.

रात्री मी तिला मासियाकासॉरसचं चित्र दाखवलं. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करमध्ये राहणारा, दोन पायांवर चालणारा छोटा डायनासोर. शेपटीसकट लांबी जेमतेम २ मीटर. त्याचं वर्णन २००१ साली प्रसिद्ध झालं. खोदकाम करताना शास्त्रज्ञ मार्क नॉफ्लर या गायकाची गाणी ऐकत, म्हणून पूर्ण नाव मासियाकासॉरस नॉफ्लेराय. यातला 'मासियाका' हा तिथल्या मालागासी भाषेतला शब्द, अर्थ क्रूर.

आता त्याचे दात पाहा. खालच्या जबड्यातला पहिला दात जवळजवळ आडवा, तोंडातून सरळ पुढे आलेला. त्यामागचे दात हळूहळू उभे होत जातात. पुढचे दात लांब, निमुळते, टोकाला किंचित वळलेले. मागचे मात्र चपटे, करवतीसारख्या कडांचे, इतर मांसाहारी डायनासोरांसारखेच. म्हणजे पुढच्या दातांनी पकडायचं आणि मागच्यांनी कापायचं. मोठ्या जनावराचा लचका तोडायला असे आडवे दात काय कामाचे? मासे, सरडे, किडे असं बारीक भक्ष्य तो टिपत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच भूमीवर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा माजुंगासॉरस शिकार करत होता. ज्याचा त्याचा रिज्क वेगळा.

"नाव क्रूर आणि दात चिमट्यासारखे," लेक म्हणाली. मी काही बोलले नाही. नाव ऐकूनच माणसाबद्दल मत ठरवणारे लोक आमच्या घराला नवे नाहीत.

मग मी तिला सांगितलं, याच कुळातल्या लेविसुकसची हाडं आपल्याकडे जबलपूरला सापडली आहेत. भारत आणि मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना जोडलेले होते. "म्हणजे आपला रिश्तेदारच की!" ती म्हणाली आणि हसली. ओढणी खांद्यावरच राहिली.

"मग तार बसवायची की नाही?"

डायनासोर दाखवून या प्रश्नातून सुटका होत नाही. त्याचे दात त्याच्या पोटापाण्याचे होते. तिच्या दातांमुळे चावायला, घासायला त्रास होतो का, हे दाताचे डॉक्टर पाहून सांगतील. पुढच्या आठवड्यात आम्ही जाणार आहोत. त्रास असेल तर तार बसवू. नुसतं दिसण्यासाठी बसवायची की नाही, ते तिनं ठरवायचं. खालांनी नाही, आणि मीही नाही.